हेलमंडचा छाप, लोमेचे नाव: 'आफ्रिकन' कापडाचा एक प्रकरण अभ्यास

पश्चिम आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या अस्सल वॅक्स कापडाचा, म्हणजे मेणाच्या तंत्रावरून घडलेल्या छापील रंगीत कापडाचा, काठ उलगडून पाहिला, तर त्यावर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली दिसते: 'गॅरंटीड डच वॅक्स व्लिस्को'. कापड नेदरलँड्समधल्या हेलमंड गावी छापलेले. त्यामागचे तंत्र जावा बेटावरचे. नेसणारी बाई घानातल्या अक्राची, टोगोतल्या लोमेची किंवा आयव्हरी कोस्टमधल्या अबिजानची. तिच्या दृष्टीने हे आजीच्या पेटीतले, लग्नात मिळालेले, घरचे कापड आहे. जगात इतरत्र कुणीही ते पाहिले की क्षणभरही न थांबता 'आफ्रिकन' म्हणतो.

या तिघांपैकी खरे कोण? काठ, तंत्र की नेसणारी? लोकसंस्कृती आणि लोकप्रिय संस्कृती कशा जन्मतात, कशा पसरतात हे समजून घ्यायला या एका कापडाइतके चांगले प्रकरण मला दुसरे सापडलेले नाही. पाठ्यपुस्तकात या दोन संस्कृतींची सरळ विभागणी असते. लोकसंस्कृती लहान समूहात, हाताने, पिढ्यान् पिढ्या घडते आणि सावकाश पसरते. लोकप्रिय संस्कृती कारखान्यातून, बाजारातून, झपाट्याने पसरते आणि झपाट्याने बदलते. वॅक्स कापडाने ही सीमा दोनदा ओलांडली: आधी लोककलेचे कारखान्यात रूपांतर झाले, आणि मग कारखान्याचा माल पुन्हा लोकांचा झाला. पहिल्या ओलांडणीचा इतिहास सगळे लिहितात. दुसरी ओलांडणी बाजारात बसणाऱ्या बायकांनी घडवली आणि माझ्या मते खरी निर्मिती तिथेच झाली.

जावातले मेण

जावातली बाटिककला मेणावर उभी आहे. वितळलेले मेण चांटिंग नावाच्या छोट्या तांब्याच्या नळीदार पात्रातून कापडावर रेघेरेघेने सोडायचे, मग कापड रंगात बुडवायचे. मेणाखालचा भाग रंग घेत नाही. मेण उकळत्या पाण्यात काढायचे, पुढच्या रंगासाठी पुन्हा लावायचे. नीळ आणि झाडाच्या सालीपासून काढलेला सोगा हा तपकिरी रंग, या दोघांवर मध्य जावाचे जुने बाटिक उभे आहे. उत्तम कापडावर मेण दोन्ही बाजूंनी रेखले जाते, म्हणून उलटसुलट असा भेद राहत नाही. एका कापडाला महिने लागू शकतात.

हे काम बायकांचे होते, पण त्याचे नियम दरबाराचेही होते. योग्यकर्ता आणि सुराकर्ता इथल्या राजघराण्यांनी परांगसारख्या काही नक्ष्या स्वतःसाठी राखून ठेवल्या होत्या. सामान्य माणसाला त्या नेसायला बंदी होती. म्हणजे कोणी कुठली नक्षी अंगावर घातली यावरून माणसाचे स्थान वाचता येत होते. बाटिक 'शुद्ध जावाचे' होते असे मात्र समजू नये. गुजरातच्या पटोळ्यांना आणि कोरोमंडल किनाऱ्यावरच्या छापील कापडाला इंडोनेशियाच्या बेटांवर शतकानुशतके मोठी मागणी होती, आणि जावाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या 'जलम्प्रांग' नक्षीत पटोळ्याची भौमितिक घडण आजही स्पष्ट दिसते. युनेस्कोने 2009 मध्ये इंडोनेशियन बाटिकची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली. ती योग्यच आहे. पण 'उगम' म्हणून आपण ज्या जागी बोट ठेवतो तिथेही आधीच दुसरीकडून आलेले काहीतरी असते, एवढे इथे नोंदवून पुढे जाऊ.

यंत्र आणि तडा

एकोणिसाव्या शतकात जावा डच वसाहत होती. हाताने महिनोन् महिने चालणारे काम यंत्राने दिवसांत करता आले, तर अख्ख्या बेटाची बाजारपेठ आपली, असा युरोपातल्या कापडवाल्यांचा हिशोब होता. 1846 मध्ये पीटर फेंटनर फान व्लिसिंगेन यांनी हेलमंडमध्ये कापड छपाईचा धंदा सुरू केला. तोच पुढे व्लिस्को कंपनी बनला. हार्लेम गावात प्रेव्हिनेअर यांच्या कारखान्यात 1850 च्या दशकात कापडाच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी राळ छापणारे यंत्र वापरात आले. मेणाची जागा राळेने घेतली, चांटिंगची जागा कोरलेल्या यंत्राने.

या राळेने एक घोळ केला. ती मेणासारखी लवचिक नसते. वाळली की तडकते आणि तड्यांतून नीळ आत शिरते. कापडावर बारीक निळ्या शिरांचे जाळे उमटते. धुताना राळ पूर्ण निघत नाही, तिचे थेंब चिकटून राहतात आणि पुढच्या रंगात तिथे लहान पांढुरके ठिपके उरतात. दोन वार कापड शेजारी ठेवले तर नक्षी तीच, पण शिरा आणि ठिपके प्रत्येक ठिकाणी वेगळे.

जावाच्या गिऱ्हाइकाच्या नजरेला हा दोष होता. चांगल्या बाटिकमध्ये रेघ स्वच्छ हवी. तडा म्हणजे कच्चे काम. शिवाय त्याच सुमारास जावातल्या कारागिरांनीही तांब्याचे ठसे, म्हणजे 'चाप', वापरून मेण लावायला सुरुवात केली होती. ठशाचे बाटिक हाताच्या कामापेक्षा बरेच स्वस्त पडू लागले आणि यंत्राच्या कापडाचा एकमेव फायदा होता तोही आटला. यंत्रयुगापुढे हस्तकला हरते असे आपण गृहीत धरतो. इथे हस्तकलेने स्वतःचे तंत्र बदलून कारखान्याला परतवून लावले.

आता युरोपातल्या कारखान्यांकडे यंत्रे होती, कौशल्य होते आणि गिऱ्हाईक नव्हते.

सुवर्ण किनाऱ्यावर

ग्लासगोचा व्यापारी एबेनेझर ब्राउन फ्लेमिंग याने 1893 च्या सुमारास हार्लेमचे हे कापड गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, विकायला आणले. ते खपले. पुढे इतके खपले की मँचेस्टर परिसरातले आणि हेलमंडचे कारखाने याच बाजारासाठी नक्ष्या काढू लागले. जावाने नाकारलेला तडा इथे मात्र आवडला.

का आवडला, याचे एक उत्तर सतत सांगितले जाते. 1831 ते 1872 या काळात डचांनी गोल्ड कोस्टवरून सुमारे 3000 आफ्रिकन पुरुष आपल्या ईस्ट इंडीजच्या सैन्यात भरती केले. जावात त्यांना 'बेलांदा हितम', काळे डच, म्हणत. नोकरी संपल्यावर त्यांतले काही एल्मिना गावी परतले आणि तिथल्या एका टेकडीला अजून 'जावा हिल' म्हणतात. या सैनिकांनी बायकांसाठी बाटिक आणले, किनाऱ्यावर त्याची आवड रुजली आणि डच कापडाला गिऱ्हाईक मिळाले, अशी ही कथा आहे.

माणसे हलली आणि संस्कृती त्यांच्याबरोबर हलली, हे स्पष्टीकरण मनाला लगेच पटते. सैनिक खरे आहेत, टेकडीही खरी आहे. पण एवढ्यावर संपूर्ण बाजाराचे ओझे टाकता येणार नाही. भरती 1872 मध्ये थांबली, आणि वॅक्स कापडाचा व्यापार रुजला तो जवळपास वीस वर्षांनी, तोही एका स्कॉटिश व्यापाऱ्यामार्फत. परत आलेले लोक संख्येने थोडे आणि एकाच गावाभोवती वसलेले. त्यांनी बाटिक ओळखीचे केले असेल; मागणी त्यांनी उभी केली असे म्हणणे मला फार ताणलेले वाटते.

मागणीची मुळे किनाऱ्यावरच होती. एक तर पश्चिम आफ्रिका कापडाच्या बाबतीत कधीच अडाणी बाजार नव्हता. कोरोमंडलचे निळे कापड आणि गुजरातचा माल शतकानुशतके इथे येत होता, आणि गुलामांच्या व्यापारातही त्याचा विनिमय होत होता हे विसरता येत नाही. कुठला रंग चालेल, कुठला पोत नाकारायचा, हे किनाऱ्यावरचे गिऱ्हाईक युरोपीय व्यापाऱ्याला ठणकावून सांगत असे. दुसरे म्हणजे निळीत बुडवून, काही भाग झाकून नक्षी उमटवायची कला इथे आधीपासून होती. योरुबा बायकांचे 'आदिरे' कापड त्याच घराण्यातले. त्यामुळे निळीच्या शिरा इथल्या डोळ्याला खटकल्या नाहीत. कापड गुंडाळून नेसायचे असल्याने दोन्ही बाजू दिसतात, आणि हे कापड दोन्ही बाजूंनी सारखे होते.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. असान्ते आणि एवे विणकरांच्या केंटे कापडात प्रत्येक नक्षीला नाव असते आणि बहुधा त्या नावात एखादी म्हण किंवा एखादा राजा असतो. आदिंक्रा कापडावरच्या ठशांचेही तसेच. म्हणजे 'कापड बोलते' ही कल्पना इथे पक्की रुजलेली होती. फ्लेमिंगचे कापड आले तेव्हा ते सुंदर होते, पण मुके होते. किनाऱ्यावरच्या बायकांनी त्याला बोलते केले.

नक्षी क्रमांकाची, नाव बाजाराचे

कारखान्यात नक्षीला क्रमांक असतो. हेलमंडच्या दप्तरात ती तशीच राहते. गाठोडे बाजारात फुटते, व्यापारीण पहिला तुकडा हवेत झटकून उलगडते, आणि मग कोणीतरी, कधी ती स्वतः तर कधी एखादी गिऱ्हाईक, त्यात काहीतरी पाहते. नाव पडते. नाव लागले तर माल उठतो आणि नाव लागले नाही तर कापड दुकानात पडून राहते, असा या धंद्यातला अनुभव आहे.

जुन्यातली जुनी आणि आजही छापली जाणारी एक नक्षी घ्या. मध्ये उघडा तळहात, त्यावर बारा पेन्स, भोवती सुटी बोटे. ही युरोपात रेखलेली. घानात तिचा अर्थ लागला तो 'तळहात हाताच्या पाठीपेक्षा गोड' या म्हणीतून: घेणारा, राखणारा हात तो तळहात. बारा पेन्स म्हणजे एक शिलिंग. वसाहतीच्या नाण्यातून आलेले चित्र, पण बोलणे थेट घानातल्या अकान लोकांच्या घरातले.

उडत्या पाकोळ्यांची एक नक्षी आहे. घानात तिला 'सिका वो न्ताबान' म्हणतात: पैशाला पंख असतात. आणखी एका नक्षीत एकात एक वर्तुळे आहेत, ठिपक्या-ठिपक्यांची. घानात ती 'न्सु बुरा', विहीर. पाण्यात खडा टाकल्यावर उठणारी वलये. दुसऱ्या देशांत तीच नक्षी ग्रामोफोनची तबकडी म्हणून ओळखली जाते. छाप एकच, रंगही कदाचित तेच, पण एका गावी पाणी आणि दुसऱ्या गावी गाणे. कारखान्यातल्या चित्रकाराला यांपैकी काय अभिप्रेत होते, हा प्रश्नच बाजारात कोणी विचारत नाही.

घानातच 'अह्वेने पा न्कासा' नावाचे कापड आहे: अस्सल मणी वाजत नाहीत. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे मराठी माणसाला वेगळे समजवायला नको.

फ्रेंच बोलणाऱ्या देशांत नावे संसारात शिरतात. उघड्या पिंजऱ्याजवळच्या पक्ष्यांची नक्षी म्हणजे 'तू बाहेर पडलास तर मीही पडेन'. नवऱ्याला उद्देशून. 'माझ्या सवतीचा डोळा' हे एक. 'माझा नवरा समर्थ आहे' हे आणखी एक. ते घेऊन देण्याची ऐपत नवऱ्यात आहे हे नेसणारी मिरवते आणि नवऱ्यालाही ते ऐकू जाते. जिथे सासूपुढे, सवतीपुढे, नवऱ्यापुढे तोंड उघडणे अवघड, तिथे बाई कापड नेसते आणि जिला कळायचे तिला कळते. अबिजानची एखादी बाई पिंजऱ्याचे कापड नेसून नवऱ्यासमोरून जाते, तेव्हा ती डच कारखान्याची जाहिरात करत नसते. ती भांडत असते.

नावे ताज्या घडामोडींतूनही पडतात. अमेरिकेत ओबामा राष्ट्राध्यक्ष झाल्यानंतर हँडबॅगच्या एका नक्षीला 'मिशेल ओबामांची बॅग' हे नाव लागले. अशी काही नावे ऋतू संपला की विसरली जातात. काही मात्र पन्नास, सत्तर, शंभर वर्षे टिकतात, आणि त्यांच्या नक्ष्या कारखान्याला पुन्हा पुन्हा छापाव्या लागतात. नावाजलेले कापड पेटीत जपून ठेवले जाते, लग्नात वराकडून वधूकडे जाते, आईकडून मुलीकडे येते, अडीअडचणीला विकलेही जाते. बाजारात विकत घेतलेली, यंत्रावर हजारो वार छापलेली वस्तू इथे वारसा बनते. लोकसंस्कृतीच्या व्याख्येत जे जे सांगितले जाते, म्हणजे तोंडी परंपरा, अनाम कर्तृत्व, पिढ्यांचा वारसा, स्थानिक अर्थ, ते सगळे या कारखान्याच्या मालाला चिकटले आहे. छापणारा हात तेवढा परका आहे.

नाना बेंझ

टोगोची राजधानी लोमे या व्यापाराचे केंद्र कशी झाली, याचे कारण राजकीय आहे. स्वतंत्र घानाने 1960 च्या दशकात आयातीवर कडक परवाने लावले. शेजारच्या टोगोने जकात कमी ठेवली. लोमेच्या मोठ्या बाजारातल्या घाऊक व्यापारणी त्या संधीवर स्वार झाल्या. युरोपीय व्यापारी कंपन्यांकडून त्यांनी विशिष्ट नक्ष्या विकण्याचा एकाधिकार मिळवला. एखादी नक्षी एकीची म्हणजे एकीचीच. नायजेरिया, बेनिन, आयव्हरी कोस्ट, थेट काँगोपर्यंतच्या खरेदीदारांना ती तिच्याकडूनच घ्यावी लागे. त्या इतक्या श्रीमंत झाल्या की मर्सिडीज-बेंझ गाड्या घेतल्या, आणि लोक त्यांना 'नाना बेंझ' म्हणू लागले. सरकारी समारंभांना पाहुण्यांसाठी गाड्या लागल्या तर त्या यांच्याकडून घेतल्या जात, असे त्या काळाबद्दल सांगितले जाते.

त्यांना मी फक्त विक्रेत्या म्हणत नाही. हेलमंडला काय छापायचे ते त्या कळवत. हा रंग गडद करा, ही नक्षी पुन्हा काढा, ही बंद करा. गिऱ्हाईक काय बोलते, कुठल्या गावी कुठले नाव चालेल, हे ज्ञान त्यांच्याकडे होते आणि युरोपातल्या एकाही कार्यालयाकडे नव्हते. तडाही आता दोष राहिला नव्हता. कारखाने तो मुद्दाम पाडत, कारण बाजार त्यालाच खरेपणाची खूण मानत होता. एका बाजूने छापलेले स्वस्त 'फॅन्सी' कापड निघाले, तेव्हा त्यावर शिरा चित्रासारख्या छापल्या जाऊ लागल्या. जाणकार बाई कापड उलटून पाहते, मग शिरांवर नजर फिरवते. त्याच जागी तीच शीर पुन्हा पुन्हा दिसली की कापड नकली. जावात ज्या गोष्टीमुळे कापड नापास झाले, त्याच गोष्टीवर आता ते पास होत होते.

1960 च्या दशकातच घानातल्या टेमा इथे आणि अबिजानमध्ये छपाईचे कारखाने निघाले. त्यामुळे 'डच' कापडाबरोबर आफ्रिकेत छापलेले वॅक्सही बाजारात आले. त्याचा दर्जा, त्याचा मान हा वेगळा विषय आहे.

घसरण

12 जानेवारी 1994 रोजी सीएफए फ्रँकचे, म्हणजे टोगो, आयव्हरी कोस्ट अशा फ्रेंच बोलणाऱ्या देशांच्या चलनाचे, अवमूल्यन झाले. तोवर 50 सीएफए फ्रँकला एक फ्रेंच फ्रँक मिळे, तो आता 100 ला मिळू लागला. युरोपातून येणारे कापड एका रात्रीत दुप्पट महाग. मध्यमवर्गीय घरात सहज येणारे अस्सल वॅक्स सणासुदीचे झाले. ही पोकळी पुढच्या दशकात चीनमधून आलेल्या मालाने भरून काढली. नक्ष्या त्याच, काठावरचे शब्दही बऱ्याचदा जवळपास तेच, किंमत कितीतरी कमी. नाना बेंझची जागा 'नानेत' म्हटल्या जाणाऱ्या तरुण व्यापारणींनी घेतली; त्या स्वतः चीनला जाऊन माल छापून घेऊ लागल्या. घानात सरकारने नकली कापड जप्त करून जाळले. 2010 मध्ये व्लिस्को एका ब्रिटिश गुंतवणूक कंपनीने विकत घेतली. जानेवारी 2013 मध्ये लोमेच्या मोठ्या बाजाराला आग लागली आणि साठवलेली कोट्यवधींची गाठोडी जळाली.

चिनी कापडाकडे मी निव्वळ चोरी म्हणून पाहू शकत नाही. ज्या नकलेची आज तक्रार होते, तसलीच नक्कल करून हा सारा धंदा 1850 च्या दशकात सुरू झाला होता. नुकसान खरे आहे: टेमातले कामगार, लोमेतल्या जुन्या व्यापारणी यांचे पोट त्यावर होते. पण अस्सल-नकलीची रेघ कुठे ओढायची हे ठरवताना जावाचा कारागीर कुठे बसतो, तेही सांगावे लागेल.

बाणाची दिशा

संस्कृतीच्या प्रसाराचे वर्ग भूगोलाच्या विद्यार्थ्याला पाठ असतात. माणसे स्थलांतर करतात आणि आपल्याबरोबर रीत नेतात. मोठ्यांकडून छोट्यांकडे, शहराकडून गावाकडे फॅशन उतरते. शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे लागण होते. किंवा मूळ वस्तू पसरत नाही, तिची कल्पना पसरते आणि दुसरीकडे वेगळेच रूप घेते. वॅक्स कापडात चारही सापडतात. एल्मिनाचे सैनिक पहिल्यात, नाना बेंझने सुरू केलेली फॅशन दुसऱ्यात, बाजारातून पसरणारी नावे तिसऱ्यात आणि जावाच्या मेणावरून डचांनी घेतलेली राळेची कल्पना चौथ्यात.

या चौकटी उपयोगी आहेत, पण चारही ठिकाणी बाण उगमाकडून स्वीकारणाऱ्याकडे जातो. स्वीकारणारा घेतो, फार तर थोडे बदलतो. आपल्या प्रकरणात स्वीकारणाऱ्यांनी मालाचा दर्जा कशाला म्हणायचे तेच उलटवले, उत्पादकाला कामाला लावले आणि उत्पादकाकडे नसलेली गोष्ट, म्हणजे अर्थ, स्वतः घडवली. हेलमंड ते लोमे असा बाण काढला तर लोमे ते हेलमंड असाही काढावा लागतो, आणि 1960-70 च्या दशकांत दुसरा बाण अधिक जाड होता असे मी म्हणेन.

हा प्रवास पुढे अटलांटिकही ओलांडतो. 1963 मध्ये हेलमंडमधल्या एका डच चित्रकाराने इथिओपियातल्या उच्चकुलीन स्त्रियांच्या जुन्या अंगरख्यावरील भरतकाम पाहून गळ्याभोवतीची एक नक्षी काढली. घानात तिला 'अँजेलिना' नाव मिळाले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चळवळीच्या काळात त्याच नक्षीचा दाशिकी, म्हणजे सैल सदरा, आफ्रिकन मुळांशी नाते सांगण्याची खूण बनला. हेलमंडमध्ये रेखलेले कापड अंगावर घालून माणसे म्हणत होती की आम्ही आफ्रिकेचे. कापड कुठून आले हे कळल्याने त्यांचे म्हणणे खोटे ठरते का? मला तसे अजिबात वाटत नाही. नात्याची खूण ठरवण्याचा हक्क नाते सांगणाऱ्याचा असतो. यिंका शोनिबारे हे ब्रिटिश-नायजेरियन कलावंत याच गुंत्यावर काम करतात. 2010 मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात त्यांनी ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचे जहाज बाटलीत उभे केले आणि त्याची सारी शिडे वॅक्सच्या नक्ष्यांची केली. साम्राज्याच्या जहाजाला साम्राज्याच्याच व्यापाराने वाहून आणलेल्या कापडाची शिडे: इतक्या थोडक्यात हा इतिहास मी दुसरीकडे मांडलेला पाहिलेला नाही.

हक्क कोणाचा

इथे हे प्रकरण अभ्यासाच्या खोलीतून कायद्याच्या दारात येते. घानाच्या 2005 च्या कॉपीराइट कायद्याने लोकसाहित्य आणि लोककला यांचे हक्क जनतेच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे सोपवले आहेत. केंटे आणि आदिंक्रा यांच्या नक्ष्या त्यात येतात. 2024 मध्ये केंटे विणण्याच्या कलेची युनेस्कोनेही नोंद घेतली. त्याआधी बाटिकची घेतलीच होती. व्लिस्कोच्या नक्ष्यांवर व्लिस्कोचा व्यापारी हक्क आहे.

'पैशाला पंख असतात' हे नाव कोणाचे आहे? लोककला म्हणावी तर नक्षी युरोपीय कंपनीची. कंपनीची म्हणावी तर कंपनीने फक्त पाकोळ्या काढल्या. पंख पैशाला लावले ते घानाच्या बाजारात, एका अनाम बाईने, आणि तिच्यानंतर हजारो बायकांनी ते नाव चालवले म्हणून ती नक्षी आजही छापली जाते. आज कंपनी स्वतः नक्ष्यांची ही नावे आणि त्यांमागच्या गोष्टी जाहिरातीत वापरते. म्हणजे बाजारातल्या बायकांच्या श्रमातून तयार झालेले मूल्य कंपनीच्या खात्यात जमा होते, आणि लोककलेचा कायदा त्याकडे पाहत नाही, कारण त्याच्या व्याख्येत लोक म्हणजे विणणारे, ठसे उमटवणारे, कोरणारे. नाव देणारे त्यात बसत नाहीत.

माझे म्हणणे स्पष्ट आहे: नाव देणे हे कारागिरीइतकेच निर्मितीचे काम आहे आणि ते तसे नोंदले गेले पाहिजे. निदान संग्रहालयांनी तरी या कापडाखाली कारखान्याचे नाव आणि साल लिहून थांबू नये. कुठल्या बाजारात कुठल्या वर्षी कुठले नाव पडले, याची नोंद जुन्या व्यापारणींच्या तोंडून करून घेण्याचे काम अजून शक्य आहे. त्यांतल्या बऱ्याच जणी आता वृद्ध आहेत. कंपनीच्या दप्तरात क्रमांकांची वही आहे, तशी नावांची वही व्यापारणींच्या संघटनांकडे असली तर पुढे हक्काचे बोलणे करायला काही आधार राहील.

तोवर बाजार त्याच्या पद्धतीने चालला आहे. लोमेच्या बाजारात चिनी गाठोडे फुटते, त्यात वर्तुळांची जुनी नक्षी निघते, आणि घानाहून आलेली गिऱ्हाईक काठावरचा मजकूर न वाचता 'न्सु बुरा' मागते आणि मग सहा वारांचा भाव करते.